बदलीचा ट्रक आणि बापाचे टेबल

गेल्या महिन्यात आमच्या घरी बदलीचा आदेश आला. आमच्या सहचारिणी केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. बढती मिळाली आणि बढतीसोबत नागपूर सुटले, मुंबई पदरात पडली. पेढे वाटून झाले, आई विहारात जाऊन वंदना घेऊन आली, मित्रांचे अभिनंदनाचे फोन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात जो प्रश्न उभा राहिला तो मात्र ना बढतीचा होता, ना मुंबईचा. तो होता दिवाणाचा, सोफ्याचा, लोखंडी कपाटाचा आणि कूलरचा. हे सगळे इतक्या लांब वाहून न्यायचे, की इथेच विकून-वाटून टाकायचे आणि तिकडे नवे घ्यायचे?

वाचक म्हणतील, वकीलसाहेब, चळवळीच्या पानावर हा काय विषय झाला? देशात एवढे प्रश्न पेटलेले असताना तुम्ही सोफ्याचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर साधे आहे. बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्या समाजातील हजारो मुले-मुली आज बँकेत, रेल्वेत, टपाल खात्यात, आयकर कार्यालयात आहेत. नोकरी आली की बदली आली, आणि बदली आली की हा प्रश्न आला. त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून प्रत्येक कुटुंब तीच चूक पुन्हा नव्याने करते आणि वीस-तीस हजारांना बुडते. आम्हीही एकदा बुडालो आहोत. ते पुढे सांगणारच आहोत.

आधी सल्ले ऐका. आमचे एक धनवान झालेले मित्र म्हणाले, ‘‘अहो, मुंबईत जाताय, हे जुने भंगार कशाला नेता? सोसायटीतले लोक काय म्हणतील? सगळे हप्त्यावर नवे घ्या.’’ आमचे मोठे भाऊ म्हणाले, ‘‘एक पाटसुद्धा सोडू नकोस. बाबांनी एकेक वस्तू पोटाला चिमटा घेऊन जमवली.’’ वस्तीतले एक उपासक आले, ते म्हणाले, ‘‘सर्व अनित्य आहे, आसक्ती सोडा.’’ त्यावर आमची आई म्हणाली, ‘‘मग तुही मोटारसायकल देऊन टाक ना बाबू आमाले.’’ उपासक चहा अर्धा टाकून उठले.

या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट समान होती. एकानेही मोजमाप घेतले नव्हते, एकानेही हिशेब केला नव्हता. एकाला लाज वाटत होती, दुसऱ्याला माया वाटत होती, तिसऱ्याला प्रवचन करायचे होते. निर्णय मात्र यांपैकी कशावरही होत नसतो. तो विवेकावर करायचा असतो, आणि विवेकाला टेप लागते, वही लागते.

तरीही मायेची बाजू आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आपल्या माणसांसाठी खुर्ची म्हणजे नुसते चार पाय आणि पाठ कधीच नव्हती. गावच्या पाटलासमोर आपल्या आज्याला बाजेवर बसता येत नव्हते, दारातल्या बाजेवर बसलेला असला तरी उठून उभे राहावे लागे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात आपल्या शाळेचे सांगितले आहे. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, बसायला वेगळे गोणपाट, आणि शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे. म्हणून ते गोणपाट त्यांनी रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. विचार करा, घर ते शाळा आणि शाळा ते घर एका लहान मुलाने रोज वाहिलेले हे आसन होते. दुसऱ्या कोणी ते उचलायला तयार नव्हते, म्हणून त्याने ते उचलले. असा इतिहास असलेल्या समाजात बापाने आणलेली पहिली खुर्ची, पहिले टेबल घराबाहेर काढताना हात थरथरला तर त्याला मागासलेपण म्हणणारा माणूस इतिहास वाचलेला नाही.

पण याच इतिहासाचा दुसरा फसवा अर्थ आम्ही रोज पाहतो. काल बसायला नव्हते, म्हणून आज बसण्याचे प्रदर्शन. दोन खोल्यांत सात माणसांचा सोफा, ज्यावर पाहुण्याशिवाय कोणी बसत नाही आणि मुले जमिनीवर अभ्यास करतात. हप्ते तीन वर्षांचे आणि सोफ्याचा फोम दीड वर्षांत खाली बसलेला. अशा वस्तूवर माया करू नये. ती बापाची मिळकत नाही, ती दुकानदाराची मिळकत आहे.

आता आमची चूक सांगतो. २०१२ साली आम्ही नागपूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवले होते. तेव्हा भावाचा सल्ला ऐकला आणि पाटासकट सगळे नेले. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचे मोठे कपाट होते, दिसायला झकपक. हमालांनी ते खोलले, तिकडे जोडले, आणि जोडताना स्क्रू पहिल्याच भोकात फिरू लागले. ही पाटी लाकडी भुसा आणि डिंक दाबून केलेली असते. एकदा स्क्रू निघाला की भोकाची धार भुगा होते, दुसऱ्यांदा पकड येत नाही. वाटेत पाऊस लागला होता, त्यामुळे खालच्या कडा फुगून पावासारख्या झाल्या. महिन्याभरात दार निखळले. सोबत काचेच्या दोन वस्तू फुटल्या आणि स्वयंपाकघराचे एक खोके आलेच नाही. आम्ही भरपाई मागायला गेलो तर ट्रकवाल्याने विचारले, ‘‘यादी कुठे आहे?’’ यादी नव्हती. पावतीवर नुसते ‘घरगुती सामान’ लिहिले होते, किमतीची जागा कोरी. दुसऱ्यांचे खटले लढणारा वकील स्वतःच्या खोक्यासाठी बोलूही शकला नाही. आजही आमच्या सहचारिणी घरात कायद्याची चर्चा निघाली की त्या खोक्याची आठवण काढतात.

म्हणून या वेळी आम्ही रीतसर बसलो. आधी मुंबईच्या भाड्याच्या घराचे माप मागवले. खोल्यांची लांबी-रुंदी, दाराची रुंदी, जिन्याचे वळण आणि उद्वाहनाच्या दाराची उंची. ही शेवटची दोन मापे लोक विसरतात. साडेसहा फुटी लोखंडी कपाट इथून सुखरूप जाते आणि तिथे तळमजल्यावर उभे राहते, कारण ते उद्वाहनात मावत नाही आणि जिन्यात वळत नाही. मग चार मजले चढवायचे हमाल सांगतील ते पैसे. नागपूरच्या घरात सहा बाय सहाचा दिवाण ऐटीत बसतो, मुंबईच्या नऊ बाय दहाच्या खोलीत तोच दिवाण ठेवला की माणसाने भिंतीवरून चालायचे.

दुसरे काम म्हणजे वाहतूकदाराकडून एक भाव न घेता दोन भाव घेतले. एक भाव सगळ्या सामानाचा, दुसरा मोठ्या वस्तू वगळून. आमचा आकडा असा आला, सगळे सामान ४२ हजार रुपये, आणि सोफा, दिवाण, जेवणाचे टेबल, मोठे कपाट व कूलर वगळला तर लहान ट्रक, २६ हजार रुपये. म्हणजे या पाच वस्तू नेण्याची खरी किंमत १६ हजार. लोक इथेच फसतात. त्यांना वाटते, ट्रक जातोच आहे, तर सोफाही जाऊ द्या, फुकटच आहे. तो फुकट जात नाही. त्याच्यामुळे मोठा ट्रक करावा लागतो. ज्या पाच वस्तूंना नेण्यासाठी १६ हजार लागतात त्यांतल्या कूलर सोडून बाकीच्या इथे विकल्या तर १५ हजार आले. दोन्ही मिळून हातात ३१ हजार राहिले, आणि तिकडे त्या लहान घराला लागणाऱ्या दोन साध्या खाटा, गाद्या व घडीच्या चार खुर्च्या २४ हजारांत बसल्या. सोफा आणि जेवणाचे टेबल तिकडे घेतलेच नाही. जागाच नाही. हा आमचा हिशेब आहे, तुमचा वेगळा येईल. कोणाची वस्तू भक्कम असेल आणि तिकडचे घर मोठे असेल तर नेणेच स्वस्त पडेल. आकडे तुमचे तुम्ही मांडा, पद्धत मात्र ही ठेवा.

तिसरी गोष्ट हवामान. आमचा कूलर हा विदर्भाचा प्राणी आहे. कोरड्या उन्हात पाण्याची वाफ होते म्हणून हवा गार होते. मुंबईची हवा आधीच ओली, तिथे कूलर लावला की गारवा येत नाही, घाम तेवढा चिकटतो. तरीही नागपूरची किती कुटुंबे हौसेने कूलर नेतात आणि पोटमाळ्यावर टाकतात, विचारू नका. लाकडाचेही तसेच. इथे सुकलेले लाकूड तिथल्या पावसाळ्यात फुगते, खण अडकतात. अस्सल सागवान हे सोसते, एखाद्या सुताराने रंधा मारला की पुन्हा सरळ. दाबलेल्या भुशाला तो मार्ग नाही.

फ्रिज आणि कपडे धुण्याचे यंत्र आम्ही नेत आहोत. दोन्ही चालू आहेत, नवे घ्यायला गेलो तर भाड्यातल्या त्यांच्या वाट्याच्या कितीतरी पट पैसे लागतील. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करायचा, उभा न्यायचा, पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करायचा. समोरून उघडणाऱ्या धुलाई यंत्राचा ड्रम पकडून ठेवणारे बोल्ट कंपनीने दिलेले असतात, ते शोधून लावायचे. ते नसतील तर रस्त्यातले धक्के ड्रम सोसत नाही.

पुस्तकांचा प्रश्न सगळ्यात जड, शब्दशः जड. वकिलाच्या घरात निकालपत्रांचे जाड खंड भिंतभर असतात. आता ते निकाल संगणकावर दोन मिनिटांत सापडतात. ते खंड आम्ही इथल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेला देऊन टाकले. पण बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड, धम्माची पुस्तके, चळवळीची जुनी मासिके, ज्यांची दुसरी प्रत बाजारात मिळणार नाही, ती सोबत येतील. पुस्तके मोठ्या खोक्यात भरू नका, तळ फाटतो. लहान खोकी भरा, एका माणसाला उचलता यावीत एवढीच. बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथ ठेवायला. आपण निदान ग्रंथांना ट्रकमध्ये कोरडी जागा तरी देऊ.

इथे सरकारी नियमांबद्दल बोलले पाहिजे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बदलीवर सामान नेण्याचा खर्च मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली जे नियम आले त्यांत सामानाचे वजनही पदाप्रमाणे ठरवून दिले आहे. वेतनस्तर ६ आणि त्यावरच्यांना ६००० किलो, स्तर ५ ला ३००० किलो, स्तर ४ आणि खालच्यांना १५०० किलो. म्हणजे साहेबाच्या घरात सहा टन संसार असतो आणि शिपायाच्या घरात दीड टन, हे सरकारने आधीच गृहीत धरले आहे! बाबासाहेबांनी या देशाच्या रोगाचे नाव श्रेणीबद्ध विषमता असे सांगितले होते. ती पितळी भांड्यांच्या पोत्यापर्यंत पोचली आहे. कोणी म्हणेल, खालच्या पदांच्या बदल्या लांबवर फारशा होत नाहीत. नसतील होत. पण ज्याची होते, त्याची पोरे, म्हातारी आई आणि गाद्या साहेबापेक्षा कमी नसतात. आपल्या कर्मचारी संघटनांनी हा मुद्दा वेतन आयोगापुढे मांडावा, अशी आमची सूचना आहे. आणि ज्यांना हा खर्च मिळतो त्यांनी तो नियमाने घ्यावा, पावत्या जपाव्या. आपला हक्क सोडणे हा साधेपणा नव्हे.

आणि ज्यांना कोणताच नियम नाही, त्यांना विसरू नका. मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबे दरवर्षी पत्र्याची पेटी, चूल, अंथरूण, कोंबड्या, पोरे असा अख्खा संसार ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत घालून कारखान्याकडे जातात आणि हंगाम संपला की परत येतात. काय न्यावे आणि काय सोडावे याचा विवेक आपल्याला कोणी शिकवायचाच असेल तर त्या बायांनी शिकवावा. त्यांच्या ट्रॉलीत न लागणारी एक वस्तू सापडणार नाही.

आता कायदा. आमचा धंदा आहे, म्हणून फुकट सांगतो. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा ‘कॅरेज बाय रोड’ कायदा आहे, तो मार्च २०११ पासून लागू आहे. माल नेणाऱ्याची नोंदणी असली पाहिजे, त्याने पावती दिली पाहिजे. पावतीवर सामानाची यादी आणि किंमत लिहून घ्या. कारण त्याची जबाबदारी साधारणतः भाड्याच्या दहा पटींपर्यंत आहे, पण तीही तुम्ही लिहिलेल्या किमतीपुढे जात नाही. किंमत पन्नास हजार लिहिली आणि माल तीन लाखांचा असला, तर पन्नास हजारांवर हात जोडा. नुकसान झाले तर माल सोपवल्याच्या, म्हणजे नोंदणीच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्या. तोंडी भांडणाला कायद्यात किंमत नाही. वाहतूकदाराने सामानच अडकवले किंवा लंपास केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये मालवाहकाने केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि सगळ्यात मोलाचे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ट्रकवाला नागपूरचा म्हणून तारखांना नागपूरला धावायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीचे ई-वे बिल लागत नाही, आणि मुंबईची जकात २०१७ मध्येच संपली. वाटेत कोणी ‘परमिट’ म्हणून जादा पैसे मागितले तर छापील पावती मागा, आवाज आपोआप खाली येतो.

सामानाची यादी करणे, किंमत लिहिणे, भरपाई मागणे याला काही लोक कटकट समजतात. त्यांना बाबासाहेबांचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९१७ साली ते लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. त्या सामानाची भरपाई त्यांना थॉमस कुक कंपनीकडून मिळाली आणि तिचा उपयोग बडोद्याला नोकरीवर जाताना झाला, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. बडोद्यात काय झाले ते प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. एवढा विद्वान माणूस, पण राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले, आणि गाडीची वेळ होईपर्यंत त्यांना कामाठी बागेत बसून राहावे लागले. बोटीवरचे सामान बुडाले त्याची भरपाई मिळाली. बडोद्यात जे झाले त्याची भरपाई कोणत्या कंपनीने दिली असती?

आम्ही हे उगाच काढलेले नाही. २०१२ साली पुण्यात आम्हाला भाड्याचे घर दाखवणारा दलाल चांगला माणूस होता. त्याने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘साहेब, सामान उतरवताना तेवढे फोटो चादरीत गुंडाळून आणा. आणि थोडे दिवस भिंतीवर लावू नका. मालक जुन्या विचारांचे आहेत.’’ आम्ही ऐकले. आज कबूल करतो, आम्ही ऐकले. मुलगा लहान होता, घर हवे होते, सामान ट्रकमध्ये भरून झाले होते. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर अकरा महिने लोखंडी पेटीत राहिली. आई काही बोलली नाही. पण रोज संध्याकाळी ती त्या बंद पेटीवर मेणबत्ती लावी आणि हात जोडी. त्या अकरा महिन्यांत आम्ही न्यायालयात किती तरी लोकांच्या हक्कांवर युक्तिवाद केले. संध्याकाळी घरी आलो की पेटीवरच्या मेणाच्या ठिपक्यांकडे बघवत नसे.

म्हणून सामान नेण्याच्या प्रश्नात आम्ही आता एक कसोटी लावतो. ही वस्तू आम्ही सोडतो आहोत ती लागत नाही म्हणून, की लपवायची आहे म्हणून? लागत नसेल तर आनंदाने सोडावी. आमच्या धनवान मित्राने ‘भंगार’ म्हटले ते त्याला जुन्या लाकडाची लाज वाटली म्हणून. जुन्या वस्त्यांची, चाळींची, गिरणीची ओळख त्या लाकडाला चिकटलेली आहे. सामान कमी करून जायला काही हरकत नाही. स्वतःला कमी करून जाऊ नये.

या वेळी मुंबईच्या घरमालकाशी फोनवर बोलतानाच आम्ही स्वच्छ सांगितले, आम्ही बौद्ध आहोत, घरात तसबिरी लागतील. एक घर त्या वाक्यानंतर ‘आधीच दुसऱ्याला दिले’ असे निघाले. दुसऱ्या घरमालकीण बाई म्हणाल्या, ‘‘खिळे मोजके ठोका म्हणजे झाले.’’ घर मिळाले. आदेश हातात पडल्यापासून पंधरा दिवस गेले, एवढाच तोटा.

जे सोडायचे ते कोणाला द्यायचे यावरही दोन शब्द. विहाराला मोडका सोफा देऊ नका. विहार म्हणजे अडगळीची खोली नव्हे. दान म्हणजे आपल्याला नको ते दुसऱ्याच्या दारात लोटणे नव्हे. आमच्या आठ खुर्च्यांपैकी ज्या पाच भक्कम होत्या त्या अभ्यासिकेला दिल्या, बाकी तीन भंगारवाल्याला. कूलर शेजारच्या ऑटोचालक बंधूला दिला, त्याच्याकडे नवजात बाळ आहे आणि एप्रिल तोंडावर आहे. विकलेल्या वस्तूंचे पैसे मिळाले, दिलेल्या वस्तूंचे समाधान मिळाले. दोन्हीची गल्लत केली नाही.

आम्हाला वाटले होते, आई बाजेसाठी हट्ट करेल. सुंभाची बाज, पन्नास वर्षांची. ती म्हणाली, ‘‘थे तिथं कुठं टाकशीन? देऊन टाक.’’ तिचे भरतकामाचे पडदे, तांब्याचा गुंड, पाट-पोळपाट, सगळ्याला ती सहज ‘देऊन टाक’ म्हणत गेली. आम्ही सुशिक्षित माणसे हप्त्याच्या कपाटाला धरून बसलो होतो आणि ही निरक्षर बाई हलकी होत चालली होती. मग आम्ही टेबलाकडे बोट दाखवले. आई म्हणाली, ‘‘थे टेबल जाईन. थे तुह्या बापानं आणलं हाय.’’

आमचे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. १८७७ साली सुरू झालेली ही गिरणी २००२ मध्ये कायमची बंद पडली, पण आम्ही दहावीला असताना तिचा भोंगा वाजत होता. त्या वर्षी महालात एक जुना वाडा पाडला जात होता. त्याच्या दाराच्या सागवानी चौकटी वडिलांनी पगारातून विकत घेतल्या आणि वस्तीतल्या सुताराकडून टेबल करून घेतले, चार फूट बाय दोन फूट. ज्या चौकटीतून त्यांच्या बापाला आत पाऊल टाकता आले नसते, त्या चौकटीवर वही ठेवून आम्ही दहावी केली, कायदा केला. आज आमचा मुलगा त्यावर अकरावीची गणिते सोडवतो. एका कडेला चौकटीच्या बिजागरीची खाच तशीच आहे. मुलगा तीत पेन्सिल ठेवतो.

हिशेबाने पाहिले तरी ते नेणे परवडते. जागा थोडी घेते, जोड खाचेत खुंटी बसवून केलेले आहेत, स्क्रू नाहीत, मुंबईची ओल सोसेल. पण खरे सांगायचे तर हिशेब उलटा आला असता तरी ते आम्ही नेले असते. विवेक म्हणजे प्रत्येक वस्तूला किंमत लावणे नव्हे. कोणत्या वस्तूला किंमत लावायची नाही, हेही ठरवावे लागते. मात्र अशी वस्तू घरात एक असावी, फार तर दोन. पन्नास असल्या तर ती माया नव्हे, अडगळ आहे.

रविवारी ट्रक भरला. ट्रकचा एक नियम हमाल सांगतात, जे शेवटी चढते ते आधी उतरते. फ्रिज आत गेला, कपाट गेले, पुस्तकांची खोकी गेली. यादीवर ६३ नग, शेजारी किंमत, खाली वाहतूकदाराची सही. सगळ्यात शेवटी टेबल चढवले. तसबिरी काचेला कागद आणि कडांना पुठ्ठा लावून त्यावर बांधल्या. हमालाने विचारले, ‘‘साहेब, वरून चादर टाकू का?’’ आई म्हणाली, ‘‘चादर नको. दोरी घट्ट बांध.’’

जय भीम!